दोन डॉक्टरांच्या मधली चिठ्ठी

पत्र:

माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. त्यांना तरुणपणापासून बायपोलरचा, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा, आजार आहे. गेली बरीच वर्षं लिथियमवर अगदी व्यवस्थित आहेत, घरचा सगळा व्यवहार त्याच बघतात. शहरातले मानसोपचारतज्ज्ञ तीन-चार महिन्यांनी तपासतात. गावातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांना, आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणतो, यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्यांचा कंपाउंडर आमच्याच गल्लीतला आणि तेव्हा नणंदेचं लग्न जमायचं होतं. मार्चमध्ये काकांनी बीपी वाढलंय म्हणून गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं. एप्रिलमध्ये गुडघे धरले, तेव्हा कमरेत सुया दिल्या आणि पुडीत सुट्या गोळ्या. आठवड्याभरात त्यांचे हात इतके थरथरायला लागले की कपातला चहा बशीत. मग जुलाब सुरू झाले. काकांनी पोट बिघडलं म्हणून औषध दिलं. शहरात फोन केला तर रिसेप्शनवरच्या मुलीनं मंगळवारी या म्हणून सांगितलं. रविवारी जीभ अडखळायला लागली, चालताना तोल जायला लागला, तेव्हा गाडी करून नेलं. लिथियमची लेव्हल २.१ निघाली. आठवडाभर सलाईनवर ठेवलं. आता बऱ्या आहेत, लिथियम कमी डोसवर पुन्हा सुरू आहे. पण मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, बीपीचं आणि गुडघ्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. काका म्हणतात, डोक्याच्या गोळ्या असलेल्या पेशंटला मी हात लावणार नाही, आणि एवढं माझ्यापासून लपवलंत? नवरा म्हणतो, लिथियमच बंद करून टाकू. निरोप इकडून तिकडे मी नेते, आणि दर वेळी धाकधूक असते की माझ्याकडून काही चुकीचं सांगितलं गेलं तर? कुणाचं ऐकू?
ता. क. आषाढी एकादशी निर्जळी करायची म्हणून सासूबाई हटून बसल्या आहेत. करू द्यावी का?
– सुनंदा (नाव बदललं आहे), सांगली जिल्हा

उत्तर:

सुनंदाताई,

आधी तुमच्या यजमानांचं म्हणणं घेते, कारण त्यात उशीर करून चालणार नाही. लिथियम घरच्या घरी बंद करू नका. जे औषध इतकी वर्षं सासूबाईंना सावरून धरतंय, ते एकदम काढलं तर आजार उसळून परत येण्याची भीती मोठी असते, आणि त्या काळात जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोकाही वाढतो. कधी बंद करायचंच ठरलं तर मानसोपचारतज्ज्ञ ते आठवडे-महिने लावून हळूहळू उतरवतील. यजमानांचा राग मला समजतो. आईला त्या अवस्थेत गाडीत घालून नेताना त्यांच्या पोटात काय कालवलं असेल! पण त्या आठवड्यात लिथियम एकट्यानं घात केला नाही. त्याच्या जोडीला काय काय आलं, हे दोघांपैकी एकाही डॉक्टरला दिसत नव्हतं.

काय झालं असावं ते नीट सांगते. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

लिथियम हा एक क्षार आहे. शरीर त्याचं विघटन करत नाही. तो जसाच्या तसा मूत्रपिंडातून बाहेर पडतो, आणि मूत्रपिंड त्याला जवळपास मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. म्हणून एरवी कुणाच्याही भल्याचा ठरणारा ‘मीठ कमी करा’ हा सल्ला लिथियमवरच्या माणसाला अचानक दिला तर रक्तातली पातळी चढते. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. त्यानंही चढते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ येतं त्या गोळ्या, त्याही पातळी वाढवतात. त्यावर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक आलं तर आणखी. पुडीत नेमकं काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण गुडघेदुखीला आपल्याकडे सर्रास हीच औषधं दिली जातात.

आणि सगळ्यांत फसवे होते ते जुलाब. जुलाब हे पातळी वाढल्याचं लक्षण असतं आणि जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की पातळी आणखी वाढते. काकांना लिथियमचं माहीत असतं तर एप्रिल-मेच्या उन्हात, थरथरत्या हातांनी आलेल्या बाईचे जुलाब त्यांनी नुसतं पोट बिघडलं म्हणून सोडून दिले नसते. सहसा ०.६ ते १.० च्या आसपास पातळी ठेवतात, वयस्कर माणसात त्याहून थोडी खालीच. १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. बरीच वर्षं औषध घेणाऱ्या माणसाला २.१ हा आकडा साधा नाही. तुम्ही मंगळवारची वाट बघत बसला नाहीत, हे फार बरं केलंत.

आता तुमचा प्रश्न, कुणाचं ऐकू? ताई, ही निवड तुमच्यावर यायलाच नको होती. दोन शिकलेल्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायचं टाळायचं आणि औषधांच्या नावांचे निरोप घरच्या सुनेनं पोचवायचे, ही रीत चूक आहे. मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून आमच्या बाजूचं आधी बोलते. फॅमिली डॉक्टर आमच्याकडे पेशंट पाठवतात तेव्हा बरेचदा चिठ्ठी देतात. आमच्याकडून उलट चिठ्ठी जातेच असं नाही. कारणं आम्ही सांगतो: ओपीडीत गर्दी, वेळ नाही, पेशंटलाच नको असतं. शेवटचं कारण कधीकधी खरं असतं. पहिली दोन मला पटत नाहीत. पाच ओळींची चिठ्ठी लिहायला लागतो तो वेळ सलाईनच्या आठवड्यापुढे काहीच नाही. आणि लिथियमवरच्या पेशंटच्या बीपीचं ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’ म्हणून मोकळं होता येत नाही. कुठली गोळी चालेल, कुठली नको, हे आम्हीच लिहून द्यायला हवं.

काकांचा राग तुम्हाला बोचतोय, पण त्यात अर्थ आहे. त्यांनी त्यांच्या माहितीप्रमाणे बरोबर उपचार केले आणि त्यांच्या हातून पेशंटला इजा झाली. डॉक्टरच्या मनाला ते फार लागतं. यजमानांना सोबत घेऊन एकदा संध्याकाळी, दवाखाना रिकामा झाल्यावर, त्यांच्याकडे जा. फार पाल्हाळ लावू नका. ‘काका, लग्नाच्या काळजीनं लपवलं, तुमच्यावर अविश्वास नव्हता. आता सगळे कागद आणलेत,’ एवढं पुरे. आणि कंपाउंडरचं स्पष्ट सांगा: ही फाईल काउंटरवर न ठेवता तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. ही मागणी वावगी नाही. तुमच्या मनातली भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आपल्या गावांमध्ये या आजाराच्या नुसत्या नावानं स्थळं परत जातात. पण फॅमिली डॉक्टरपासून लपवल्याची किंमत पेशंटच्या शरीराला द्यावी लागते, म्हणून त्या एका माणसाला सांगायलाच हवं.

‘डोक्याच्या गोळ्यांना हात लावणार नाही’ हे मात्र काकांना धरून ठेवू देऊ नका. आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ मुळात थोडे आणि तेही बहुतेक शहरांत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. साध्या डॉक्टरांना सोबत घेतल्याशिवाय हे भरून निघणार नाही, हे फार पूर्वीच ओळखलं गेलंय. १९८० च्या दशकात कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सनं प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवून हे करून पाहिलं आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. काकांनी लिथियमचा डोस ठरवावा असं कुणीच म्हणत नाही. त्यांनी बीपी, गुडघे, ताप, पोट बघायचं, फक्त लिथियम डोळ्यांसमोर ठेवून. अडलं तर तज्ज्ञाला फोन लावायचा. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत एका डॉक्टरनं दुसऱ्याचा असा सल्ला घेणं रीतसर धरलेलं आहे. काका बीएएमएस असोत की एमबीबीएस, त्यांनी सासूबाईंना इतकी वर्षं पाहिलंय. त्यांच्या चालण्या-बोलण्यातला फरक शहरातल्या डॉक्टरच्या आधी त्यांना कळेल.

आता कामाचं. पुढच्या वेळी शहरात जाल तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे एक चिठ्ठी मागा. ‘काकांशी बोला’ असं मोघम सांगितलंत तर ते राहून जाईल. मी अशी चिठ्ठी लिहिते तेव्हा तिचं रूप साधारण असं असतं. आकडे आणि शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा:

‘सप्रेम नमस्कार. श्रीमती …, वय ६३, बायपोलर आजारासाठी लिथियमवर आहेत. सध्याचा डोस … . शेवटची लेव्हल …, क्रिएटिनिन …, टीएसएच …, तारीख … . दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यावं. इतर वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शन कृपया देऊ नये. बीपीसाठी लघवी वाढवणारी औषधं, सार्टन किंवा प्रिल गट मला फोन केल्याशिवाय सुरू करू नये. ॲम्लोडिपिन चालेल. मीठ एकदम बंद करू नये. जुलाब, उलट्या, जास्त ताप किंवा नवीन थरथर असेल तर लिथियम थांबवून त्याच दिवशी लेव्हल करावी आणि मला कळवावं. माझा नंबर …, दुपारी २ ते ३ या वेळेत मी स्वतः उचलते. आपण काही नवीन सुरू केलंत तर याच कागदाच्या मागे लिहून पाठवावं, ही विनंती.’

शेवटची ओळ माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची. कागद परत यायला हवा. आणि फोन उचलायची वेळ लिहून घ्या. नुसता नंबर असला की तो पुन्हा रिसेप्शनवर जातो आणि मंगळवार पदरी पडतो.

डॉक्टर म्हणाले, ‘वेळ नाही’, तर तुम्ही याच मुद्द्यांचा कागद लिहून न्या आणि म्हणा, ‘तपासून सही-शिक्का द्या.’ नाही म्हणणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत.

दुसरं म्हणजे औषधांची पिशवी. प्रत्येक घरात ती असते: अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, नाव फाटून गेलेलं, त्यात कधीच्या तरी पुड्या. ती एकदा जमिनीवर ओता. चालू औषधं कुठली ते डॉक्टरांकडून पक्कं करून बाकी बाजूला काढा. चालू स्ट्रिपांची नावाची बाजू वर करून मोबाइलवर एक फोटो काढा आणि कुठल्याही दवाखान्यात तो आधी दाखवा. दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा, कारण दाढ काढल्यावर हमखास वेदनाशामक मिळतं. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या तर तिथेच विनंती करा, ‘काका, यावर नाव लिहून द्या.’ सुईचंही नाव विचारायचं. मेडिकलमधून अंगदुखीला परस्पर आणलेली कॉम्बिफ्लॅम किंवा व्होवेरानही लिथियमबरोबर नको. क्रोसिन किंवा डोलो, म्हणजे साधं पॅरासिटामॉल, चालतं. पोट साफ होण्यासाठी कुणी जोराचा जुलाब देणारं चूर्ण दिलं तर तेही नको. गुडघ्यांसाठी शेक, व्यायाम आणि लावायचं मलम यांचं काकांना जरूर विचारा. सासूबाईंचे गुडघे खरोखर दुखतायत, लिथियम आहे म्हणून त्यांनी सोसत बसावं असं अजिबात नाही.

तिसरं, रक्त कुठे आणि कधी तपासायचं हे दोघांत ठरायला हवं. नाहीतर दोघंही समजतात की दुसरा करतोय. लेव्हल दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि सध्या डोस बदललाय म्हणून त्याहून लवकर. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. सकाळी गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. हे लॅबवाला सांगत नाही, आणि मग पातळीचा आकडा भलताच येतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड (टीएसएच) सहा महिन्यांनी, कॅल्शियमही अधूनमधून. हे रक्त गावातच काढता येतं आणि रिपोर्टचा फोटो दोघांना पाठवता येतो. थायरॉइडचं मुद्दाम सांगते, कारण लिथियमनं ते मंदावू शकतं. बाई सुस्त झाली, वजन वाढलं, उदास दिसायला लागली की आम्ही मंडळी नैराश्य म्हणून गोळी वाढवतो आणि दोष असतो थायरॉइडचा. असं कितीतरी वेळा फॅमिली डॉक्टरच्या नजरेनं पकडलेलं आहे.

इतर वाचकांसाठी एवढंच, की ही गोष्ट लिथियमपुरती नाही. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन घेणाऱ्याला दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल मिळालं तर त्रास होऊ शकतो. ओलॅन्झापिन या मानसिक आजारावरच्या गोळीनं वजन आणि साखर वाढू शकते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या देणाऱ्याला ते माहीत हवं. घबराटीसाठी क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्याची गोळी ‘कशाला सवय लावता’ म्हणून एकाएकी काढली तर फिटसुद्धा येऊ शकते.

सासूबाईंना विचारल्याशिवाय काकांना सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी त्यावर थांबते. आजार त्यांचा आहे. हॉस्पिटलच्या गडबडीत काकांना कळलं ते कळलं, पण आता त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, घर चालवतात. त्यांना समोर बसवून विचारा, ‘आई, काकांकडे फाईल ठेवू का?’ बहुतेक त्या हो म्हणतील. मला आजवर जाणवलंय की लपवायची घाई पेशंटपेक्षा घरच्यांना जास्त असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, पण उपचारांसाठी दुसऱ्या डॉक्टरला माहिती द्यायला तिथेच मोकळीक ठेवली आहे. म्हणजे ‘गोपनीय आहे, काकांना कसं सांगू’ ही अडचण तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना उरत नाही. स्वतःचे वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे, तेव्हा डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्टच्या प्रती मागताना संकोच करू नका. आणि सासूबाईंची इच्छा असेल तर साध्या कागदावर सही करून त्या तुम्हाला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतात, तुमची लेखी संमती घेऊन. मग निरोप्या म्हणून नव्हे, अधिकारानं तुम्ही डॉक्टरांशी बोलाल. नाव तुमचं असावं की यजमानांचं, हे त्यांनाच ठरवू द्या.

पुन्हा कधी हात ठळक थरथरले, उलट्या-जुलाब, जीभ जड, तोल जाणं, नुसतं झोपून राहणं, असं दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि सरळ जिथे लिथियमची लेव्हल होते अशा मोठ्या हॉस्पिटलला न्या. वाटेतून फोन करा. अपॉइंटमेंट मागत बसू नका. दारात शिरताना पहिलं वाक्य ‘पेशंट लिथियमवर आहे’ हेच असू द्या. मनाची घालमेल असेल, रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो सासूबाईंइतकाच तुमच्यासाठीही आहे. त्या रविवारनंतर तुम्हाला शांत झोप लागते का, हे पत्रात कुठेच नाही. काकांकडे जाल तेव्हा स्वतःबद्दलही दोन शब्द बोला.

एकादशीचं. निर्जळी नको, हे तुम्ही नका सांगू. मानसोपचारतज्ज्ञांनी किंवा काकांनी सांगितलं तर त्या ऐकतील, आणि दोघांनी एकच सांगितलं तर नक्की ऐकतील. पाणी पीत, भगर, दाण्याची आमटी, सैंधव घातलेलं ताक असा उपवास दोन्ही डॉक्टरांना विचारून करायला माझी हरकत नाही. गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची. ‘उपास मोडतो’ म्हणून टाळायची नाही. आणि पालखीबरोबर चार पावलं चालायचं त्यांच्या मनात आलं, तर आठवडाभर आधीच लेव्हल करून घ्या आणि पाण्याची बाटली तुमच्या हातात असू द्या.

तुमची,
डॉक्टरताई